पडवीतलं खोकं आणि चार बाटल्या

माझ्या हुद्द्याचं सरकारी नाव व्रणोपचारक. माझ्या आईला ते शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "पोरगा ढोराच्या दवाखान्यात हाये. काय करते ते त्यालेच इचारा." दवाखान्यात मला ड्रेसर म्हणत. खेड्यात गेलो आणि डॉक्टरसाहेब सोबत नसले, की लोक सरळ डॉक्टर म्हणत, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात या न केलेल्या दुरुस्तीत आहे.

काम काय, तर जखमा धुणं, अळ्या काढणं, मोडलेल्या शिंगाला पट्टी बांधणं, बैलाला दोरांनी आडवा पाडणं, बांबूच्या नळीनं औषध पाजणं, आणि लाथ कुठून येणार याचा अंदाज बांधणं. या शेवटच्या कामात मी कच्चाच राहिलो. डाव्या गुडघ्यावर एका म्हशीची सही अजून आहे. भाजलेल्या जनावराला त्या काळी पिक्रिक आम्लाचं पिवळं पाणी लावायचे. त्या पाण्यानं माझी बोटं बारा महिने हळदीसारखी असायची. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी हळूच चौकशी केली, की आमच्या आधी याला हळद कुणी लावली.

घरी ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की मुलं पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. धाकटी तर म्हणते, "बाबा, मागच्या वेळी ढोरं सात होती, आता नऊ कशी झाली?" म्हणून लिहून टाकतो. एकदा छापलं की ढोरं वाढायची नाहीत. मात्र एक भाग घरी सांगताना मी नेहमी गाळत आलो. तोही आज लिहितो.

महाराष्ट्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. आमचा दवाखाना चिखलीच्या अलीकडे एका बाजाराच्या गावी होता. दोन खोल्या, पुढे जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी. पडवी आजारी ढोरं बांधण्यासाठी होती, पण आजारी ढोरांना तिथला पत्रा उन्हात तापलेला आवडत नसे, म्हणून तिथे माणसं बसू लागली.

पहिले आले रज्जाकभाई. त्यांचा फोटोचा स्टुडिओ आमच्या भिंतीला भिंत लावून होता आणि फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीचं मागचं दार आमच्या पडवीत उघडत होतं. त्यांना पाणी लागायचं, आणि पाण्याची टाकी आमची. दुसरे इंगळे सर, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. मूळचे बीबी गावाकडचे, बौद्ध घरातले, त्यांच्या गावातून कॉलेजात गेलेले पहिले. हेडमास्तर शाळेतली काचेची भांडी फुटतील म्हणून कपाटाबाहेर काढू देत नसत. मग सरांनी स्वतःच्या पगारातून चार नळ्या, दोन चंबू आणि एक स्पिरिटचा दिवा घेतला आणि तो संसार आमच्या पडवीत मांडला. तिसरे आमचे डॉक्टर केळकर, पुण्याकडचे. दोन वर्षांत त्यांना आमच्या वऱ्हाडीतला एकच शब्द साधला होता, "हाव". तो ते वाटेल तिथे वापरत.

मध्ये औषधाचं एक लाकडी खोकं उलटं टाकलेलं असे. कुणी ठरवलं नव्हतं, पण रीत पडली होती. ज्याचं काही अडलं असेल त्यानं ते आणून खोक्यावर ठेवायचं आणि गप चहा प्यायचा. बाकीचे आपोआप बोलू लागत. एकदा डॉक्टरांनी मेलेल्या बकरीच्या काळजातले चपटे जंत बशीत घालून खोक्यावर ठेवले. लोक जंताचं औषध पाजायला बकऱ्या आणत नव्हते; दिसत नाही त्याचं औषध कशाला, म्हणायचे. रज्जाकभाईंनी बशी उचलली, आत नेली, एक जंत दोन काचांत दाबला आणि फोटो मोठा करायच्या यंत्रात घातला. भिंतीवर पळसाच्या पानाएवढा जंत दिसू लागला. बाजाराच्या दिवशी आम्ही माणसं पाच-पाच करून त्या अंधाऱ्या खोलीत सोडली. बाहेर येणारा प्रत्येक जण आधी थुंकायचा आणि मग विचारायचा, "औषध कवा पाजता?"

हे जिल्ह्याच्या ठिकाणी कुणीतरी कळवलं. पत्र आलं, की दवाखान्याच्या आवारात खाजगी इसमांची ऊठबस तात्काळ बंद करावी. डॉक्टरांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू सांग त्यांना. मला नाही जमणार." मलाही जमेना. ते पत्र मी चार दिवस खिशात घालून हिंडत होतो आणि रोज त्याच दोघांबरोबर चहा पीत होतो. आयुष्यात माझ्या कामचुकारपणानं कुणाचं भलं केलं असेल तर या एकदाच.

त्या वर्षी पेरणीला पाऊस बरा झाला आणि मग महिनाभर दडी मारून बसला. ज्वारी कमरेला लागली आणि तिथेच थांबली. पानं सुरळीसारखी गुंडाळली. पोळा आठ दिवसांवर आला होता. सकाळी अकराच्या सुमारास सायकलवर एक माणूस आला. चार मैलांवरच्या एका गावाहून. गावाचं नाव सांगत नाही, तिथे पुढे माझी सोयरीक झाली.

"डॉक्टर हायेत का? पाटलाची ढोरं पडून राह्यली. पटापट पडून राह्यली."

डॉक्टर लसी टोचायला दुसऱ्या गावी गेलेले. मी पिशवी उचलली, सायकल काढली.

पाटलाच्या ढोरांतली नऊ सकाळी सुटून सुखदेवच्या शेतात शिरली होती. सुखदेव बौद्ध वस्तीतला, पस्तिशीचा माणूस. गायरानातला दोन एकरांचा तुकडा नुकताच त्याच्या नावावर झाला होता आणि गावातल्या पुष्कळांना तो अजून पचला नव्हता. मी पोचलो तेव्हा एक गाय आणि एक बैल मेलेले. बैल पाटलाच्या जोडीतला, खिल्लारी. बाकीची धापा टाकत होती, माना ताणून, नाकपुड्या फुगवून, पाय लटपटत. असलं मरण मी पाहिलं नव्हतं. तासाभरापूर्वी धडधाकट असलेलं जनावर.

दौलतराव पाटील मेलेल्या बैलाजवळ मातीत बसले होते. ओरडत नव्हते, हे जास्त वाईट. एका म्हाताऱ्यानं काठीनं ज्वारी हलवून पाहिली आणि म्हणाला, "ज्वारीच लागली असन बाप्पा. पाऊस दडला की ज्वारी इख धरते."

मी म्हणालो, "आजोबा, लागते ती कोवळी, इतभराची. ही कमरेएवढी हाये. हे ज्वारीचं काम नाही."

असं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण भोवती पन्नास माणसं होती आणि म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर मग माझी पिशवी कशाला होती?

पाटलांनी मान वर केली. "मंग कशाचं काम हाये, डॉक्टर?"

बांधावर एक पत्र्याचा डबा पडला होता, फवारणीच्या औषधाचा, त्याच्यावरचं कवटीचं चित्र अर्धं खरवडलेलं. मी तो उचलला आणि गंभीर चेहऱ्यानं वास घेतला. तीन वर्षं फिनेल हुंगून माझं नाक कामातून गेलेलं. मला कसलाही वास आला नाही. तरी मी म्हणालो, "फवारलेलं दिसते."

एवढंच. दोन शब्द. घरी सांगताना मी इथे म्हणत असे, "तेवढ्यात कुणीतरी म्हणालं." तो कुणीतरी मीच.

गर्दीचा आवाज बदलला. सुखदेवनं महिन्यापूर्वी चावडीसमोर पाटलाच्या गड्याला सांगितलं होतं, "अजून एकदा ढोरं घातली तर पाह्यजा." ते आता सगळ्यांना आठवलं. त्याला घरून आणलं. दोघांनी दंड धरले होते. तो म्हणत होता, "डबा पाण्याचा हाये. घासून धुतला म्या. मिरचीच्या रोपाले पाणी टाकतो त्याच्यानं. मी माह्या ज्वारीवर कायले फवारू? माही गाय काय खाईन?"

"मंग तू पाह्यजा काऊन म्हणला बे?"

"कोंडवाड्यात टाकीन म्हणून म्हणलो."

कुणी ऐकत नव्हतं. त्याला चावडीपुढच्या लिंबाखाली बसवला. तरण्या पोरांच्या हातांत काठ्या आल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आल्या.

मला एकच गोष्ट नीट करता आली, तीही सवयीनं. मेलेल्या बैलाच्या कानाची शीर कापून कुपीत रक्त घेतलं. मेलेल्या ढोराचं रक्त काळपट असतं. हे पोळ्याला शिंगांना लावायच्या हिंगळासारखं लालभडक होतं. मला त्याचा अर्थ कळला नाही. ते रक्त, बैलाच्या तोंडातला ज्वारीचा घास आणि तो डबा घेऊन मी सायकलवर टांग टाकली. गावाबाहेर पडताना मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर नुकतेच परतले होते. पडवीत रज्जाकभाई आणि इंगळे सर चहाला बसलेले; शनिवार, सरांची सकाळची शाळा. मी तिन्ही वस्तू खोक्यावर ठेवल्या आणि जे दिसलं ते सांगितलं. म्हणजे जनावरांचं सांगितलं.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली. "मेल्यानंतरचं आहे हे?"

"हाव."

"आणि हा डबा?"

"बांधावर होता. लोक म्हणतात, फवारलं."

"लोक म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि डबा बाजूला सरकवला. त्यांनी तो घास चिमटीत चुरडला, हुंगला. "फवारणीच्या विषानं रक्त असं लाल राहत नाही. ज्वारीनं राहतं. पाण्याचा ताण पडला, की तिच्यात सायनाइड तयार होतं. अंगात पुरेसा श्वास जातो, पण अंगाला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लाल आणि जनावर गुदमरतंय."

म्हातारा हेच म्हणाला होता, वीसेक शब्द कमी वापरून.

इंगळे सरांनी विचारलं, "शेत कुणाचं?"

"सुखदेव म्हणून आहे."

"कुठं आहे तो?"

"चावडीपुढं बसवलाय."

सरांनी कप खाली ठेवला. भरलेला होता.

डॉक्टर कपाट उपसत होते. त्यांनी जाडं पुस्तक काढलं, पान शोधलं, पुस्तक मिटलं. "सोडियम थायोसल्फेट. आपल्याकडे नाही. जिल्ह्याला मागणी केली तर परवा येईल. परवापर्यंत एक जनावर राहायचं नाही."

"काय म्हणाले?" सर म्हणाले.

"सोडियम थायोसल्फेट."

 सरांनी रज्जाकभाईंच्या दाराकडे पाहिलं. दारात बादली होती. फोटो पक्का करायला त्या बादलीतलं पाणी वापरत. आम्ही दोन वर्षं त्या बादलीला पाय लावून बसत होतो. रज्जाकभाई तिला हायपो म्हणत, आणि आम्हीही हायपो म्हणत होतो, जसं एखाद्याला आयुष्यभर अण्णा म्हणावं आणि त्याचं नाव माहीत नसावं.

"तेच आहे ते," सर म्हणाले. "शाळेच्या पुस्तकात आहे. नववीच्या."

रज्जाकभाईंनी आतून डबा आणला. "साहेब, हा कोरा हाये, फोडेल नाही. लगीनसराईसाठी आणून ठेवला व्हता. पाच रत्तल. पन मी त्याच्यात कागद बुडवतो, बैल नाही."

डॉक्टर तो डबा हातात घेऊन उभे राहिले.  पाजायला हरकत नव्हती, पण पडलेल्या जनावराला ते शिरेतून द्यावं लागणार होतं, आणि दुकानातल्या फोटोच्या क्षारात आणखी काय असेल कुणी सांगावं. मेलं, तर सरकारी डॉक्टरनं मारलं. तेही त्या गावात, त्या दिवशी, आणि सुखदेव लिंबाखाली असताना.

"उकळा पाणी," ते म्हणाले.

सरांच्या स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळलं, कापसातून गाळलं, माझ्या मलमपट्टीच्या तराजूत हायपो मोजून त्यात विरघळवला. रज्जाकभाईंची फटफटी होती, लग्नाचे फोटो काढायला गावोगाव जाण्याची. तिच्यावर पुढे ते, मध्ये डॉक्टर, मागे मी, मांडीवर त्या औषधाची बादली. इंगळे सर माझ्या सायकलवर निघाले. जाताना त्यांनी चार रिकाम्या बाटल्या आणि बांधावरचा तो डबा पिशवीत टाकला. कशाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आणखी एक गाय गेली होती. राहिली सहा. एक कालवड आडवी पडून पाय ताणत होती. डॉक्टर तिच्या मानेजवळ गुडघ्यावर बसले. मी शीर दाबून धरली. सुई आत गेली, औषध हळूहळू उतरू लागलं. रज्जाकभाई डोक्याशी उभे राहून मोजू लागले. अंधाऱ्या खोलीत फोटो बुडवला की ते असेच मोठ्यानं सेकंद मोजत. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. तीस. चाळीस.  साठीला कालवडीचा श्वास अडकला. डॉक्टरांचा हात थांबला. मी पाटलांकडे पाहायचं टाळलं. पंच्याहत्तर. शंभराच्या जरा पुढे तिनं एक लांब श्वास घेतला, मग दुसरा, आणि मान उचलली.

रज्जाकभाई एकशेवीसपर्यंत मोजतच राहिले.

मग पळापळ. आणखी एकाला शिरेतून, बाकीच्यांना बांबूच्या नळीनं. तास-दीड तासात पाच ढोरं उभी राहिली. सहाव्यानं बसल्याजागी रवंथ सुरू केलं. मला वाटलं, संपलं.

पाटलांनी डॉक्टरांपुढे हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "तुमचं औषध लागू पडलं, साहेब. म्हंजे इख व्हतंच."

लिंबाखालची पोरं पुढे सरकली. आम्ही ढोरं वाचवली होती आणि सुखदेवला आणखी खोलात ढकललं होतं.

डॉक्टर समजावू लागले, की विष ज्वारीतच असतं. त्यांचं पुणेरी मराठी आणि लोकांचे चेहरे यांच्यात काही गाठ पडत नव्हती. "साहेब भोळे हायेत," मागून कुणीतरी म्हणालं. तोवर सायकलवर पोचलेल्या इंगळे सरांकडे डॉक्टर वळले. "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

"मी बोललो तर म्हणतील, आपल्या माणसाची बाजू घेऊन राह्यला," सर हळू आवाजात म्हणाले. "कागदालेच बोलू द्या." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या बोटांना लागते ते पिवळं पाणी आणलं का?"

पिशवीत होतं. सरांनी पाटलाच्या घरून धुण्याचा सोडा मागवला, तलाठ्याच्या टेबलावरून टीपकागद घेतला, पट्ट्या कापल्या आणि सोडा घातलेल्या पिक्रिकच्या पाण्यात भिजवल्या. पिवळ्याधमक झाल्या. मग गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्वारी बारीक कापून बाटलीत टाकायची. वर ही पट्टी लोंबती ठेवायची. ज्वारीत इख असन तर तिची वाफ लागून पट्टी लाल होईन. मी हात लावत नाही. पाटलांनी आपल्या हातानं भरावं."

एका बाटलीत सुखदेवच्या शेतातली ज्वारी. दुसरीत त्या डब्यात घोळवलेलं पाणी. तिसरीत नुसतं विहिरीचं पाणी. चौथी बाटली रिकामी होती. सर विचार करत होते, तिच्यात काय घालावं.

तेवढ्यात लिंबाखालून सुखदेव बोलला. दुपारपासून पहिल्यांदाच. "पाटलाच्या माळावरच्या वावरातली ज्वारी घ्या. तिलेबी पाणी नाही भेटलं. आनं तिथं तर म्या फवारलं नाही ना?"

इंगळे सर त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "हे आपल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

पाटलांनी गडी माळावर पाठवला. ज्वारी आली. पाटलांनी विळ्यानं स्वतः कापली, स्वतः भरली. वाफ लवकर सुटावी म्हणून डॉक्टरांनी वरून क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले, पट्ट्या अडकवून बुचं बसवली. चार बाटल्या चावडीच्या ओट्यावर उन्हात मांडल्या. रज्जाकभाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं.

पाच मिनिटं झाली. चारही पट्ट्या पिवळ्या. एक जण हसला. दहा मिनिटं. सुखदेवच्या बाटलीतली पट्टी खालून जराशी नारिंगी वाटली. का मलाच वाटली, कळेना. "वाटून राह्यलं की झाली?" रज्जाकभाईंनी माझ्या कानात विचारलं.  त्या दिवशी मी जेवढं बोललो होतो तेवढं पुरे होतं. पोरांतला एक काठी ओट्यावर टेकवून बाटल्यांवर वाकला, आणि ती बाटल्यांना लागू नये म्हणून मी मध्ये हात धरला. पंधरा मिनिटं. पट्टी विटेसारखी लाल झाली. आता शंका नव्हती. डब्याच्या पाण्याची पिवळी. विहिरीच्या पाण्याची पिवळी.

आणि चौथी, पाटलाच्या माळावरची, पहिलीपेक्षा गडद लाल.

पाटलांनी ती बाटली उचलली. उजेडात फिरवली.  "बाकीची ढोरं," ते म्हणाले. "इथं इख हाये म्हणून म्या गोठ्यातली बाकीची ढोरं माळावर हाकलाले सांगतली. आत्ता."

मग कुणी कुणाकडे पाहिलं नाही. अख्खं गाव माळाकडे पळालं. काठ्यावाली पोरंही पळाली. काठ्या तेव्हा कामी आल्या. आणि सगळ्यांच्या पुढे, बांधावरून उड्या टाकत, सुखदेव होता. त्याच्या वावरातून माळाची वाट जवळ पडायची. ढोरं ज्वारीत नुकती शिरत होती. त्यानं पहिली गाय शिंगाला धरून वळवली.

एकही दगावलं नाही.

रज्जाकभाईंनी परतताना ओट्यावरच्या बाटल्यांचा फोटो काढला. तो आमच्या घरी लावलेला आहे. काळा-पांढरा असल्यामुळे चारही पट्ट्या करड्या दिसतात. पाहुणे विचारतात, यात काय आहे. मी सांगत बसतो, आणि बायको पोह्यांच्या निमित्तानं उठून आत जाते.

गावानं सुखदेवला काय म्हटलं? काही नाही. माळावरून परतताना पाटलांनी त्याला तंबाखू दिली, एवढंच मी पाहिलं. मीही काही म्हटलं नाही. सहा ढोरांना परत पाजायचं होतं, असं कारण माझ्याजवळ होतं. फार चांगलं कारण होतं ते.

दोन-तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी सुखदेव पडवीत आला. इंगळे सरांनी खोकं पुढे केलं. त्यानं ज्वारीच्या तीन लहान जुड्या त्याच्यावर ठेवल्या आणि गप चहा घेतला. रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. मग म्हणाला, "पाऊस पडल्यावर ही कापली. ही दोन दिस वाळवली. ही पुरी वाळवली. कोनती ढोराले टाकू, ते तुमी सांगता, का कागद देता?"

आम्ही कागद दिले. त्या हंगामात तो पट्ट्यांची पुडकी घेऊन बांधोबांध हिंडला. कोणत्या वावरातली ज्वारी कधी निवळते, वाळवल्यावर किती दिवसांनी, हे त्यानं खडूनं आमच्या पडवीच्या पत्र्यावर लिहून ठेवलं. डॉक्टरांनी ते वहीत उतरवून जिल्ह्याला पाठवलं. उत्तर आलं, की खाजगी इसमांच्या ऊठबशीबाबतच्या आदेशाचा अनुपालन अहवाल सादर करावा. डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "हाव," आणि फाइलला लावलं.

पुढे नवी इमारत झाली. तीत एक खोली आहे, दारावर 'प्रयोगशाळा' अशी पाटी. चावी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात असते. आत खुर्च्या नाहीत. पडवीचा पत्रा लिलावात गेला. खडूचं लिहिलेलं त्याच्यावर तसंच होतं.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. त्या हंगामाच्या शेवटी एकदा पडवीत मी आणि सुखदेव दोघेच होतो. तो बाटलीत ज्वारी कापून भरत होता. मी पट्ट्या भिजवत होतो. मी बोटांकडे बघत म्हणालो, "सुखदेवभाऊ, फवारलेलं दिसते, हे त्या दिवशी मी म्हणलो होतो."

तो कापत राहिला. "मले ठाऊक हाये."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाहिजे? मी घराच्या दारात व्हतो, तिथून वावर दिसते. पन्नास माणसं तुमच्याकडं पाहून राह्यली व्हती. तुमी डबा नाकाले लावला, आनं माह्याकडं माणसं आली."

"मंग इतके दिवस बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो, मंग तुमी मान खाली घालून बसले असते. कागद कोनं भिजवले असते?" त्यानं बाटलीला बूच लावलं आणि ती माझ्या हातात दिली. "घ्या. ही उद्या पाटलाच्या गाईले टाकाची हाये. टाकू का नको?"

मी बाटली उन्हात धरली. पट्टी पिवळी होती. मी म्हणणार होतो, टाक.

"थांबा," सुखदेव म्हणाला. "आत्ता तं लावली. पंधरा मिनिटं पाहा, मंग बोला."

आम्ही दोघं खोक्याशी बसून राहिलो. रज्जाकभाईंचं मोजणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.